दसऱ्याचा नमस्कार

दसऱ्याला टोरांटोहून सौमित्रचा नमस्कार आला. मुकुंदरावांच्या पायांतल्या सपातांनी पावलं हळूच दाबली, थेट पोराचे हात लागावेत तशी.

“अहो, आशीर्वाद द्या की!” शैलाताई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी समोरच्या उशीवर तळहात टेकवला. तो दाब तिकडे सौमित्रच्या टोपीत उतरायचा आणि डोक्यावर किती पडला, तो आकडा इकडे उमटायचा. जन्मभर कारखान्यात प्रेशर गेज तपासलेल्या मुकुंदरावांची नजर सवयीने आकड्याकडे गेली. शून्य. त्यांनी जोर लावला. शून्यच.

म्हणजे टोपीत डोकंच नव्हतं. नमस्कार पठ्ठ्याने आधीच भरून ठेवलेला, तारखेला आपोआप सुटलेला.

“पोचला का हो आशीर्वाद?” शैलाताईंनी विचारलं.

“पोचला,” मुकुंदराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खोटं रीडिंग दिलं.