जिभेखालचे थेंब

रबराच्या ॲलर्जीवर औषध रबराच्याच अर्काचं. रोज जिभेखाली थेंब धरायचे, हळूहळू वाढवत न्यायचे, म्हणजे शरीर भांडायचं सोडून देतं. नवरा एक दिवस चुकू द्यायचा नाही. तिचं मनगट धरून स्वतः थेंब घालायचा. थोड्याच वेळात मनगटावर पाच बोटांच्या गांधी उठायच्या.

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "घरात रबर कुठंय?"

"कुठेच नाही हो. ग्लोव्हज, फुगे, चपला, सगळं कधीच फेकून दिलंय."

वर्षभराने बाईंनी तिला रबराचा ग्लोव्ह घालून अर्धा तास बसवलं. काढला तर हातावर ग्लोव्हमधली पांढरी पावडर तेवढी होती. गांध नाही, खाज नाही. "सुटलात एकदाच्या!"

तिने हात स्वच्छ धुतले आणि नाचतच घर गाठलं. दारातच नवऱ्याचे दोन्ही हात गच्च धरले. काही म्हणजे काही झालं नाही. फक्त तिच्या तळव्यांना पुन्हा तीच पांढरी पावडर लागली.

"झाली बाई एकदाची सवय!" त्याने सुटकेचा श्वास टाकला. "आता आईबाबांनाही इकडेच राहायला बोलावतो."