माहेरचं नाव

"मॅडम, मेलेल्या लोकायचं कायले शिकाचं?" दर्यापूरच्या शाळेत आठवीतल्या अमोलनं इतिहासाच्या तासाला विचारलं. नीलम मॅडम हसल्या. इतिहास घरातही असतो, म्हणाल्या, आणि वर्गाला काम दिलं, की आपापल्या आजीचं लग्नाआधीचं नाव विचारून या.

दुसऱ्या दिवशी मुलांनी नावं आणली. कोणाची आजी गिरजा होती, कोणाची चंद्रभागा. तेवढ्यात दामिनीनं विचारलं, "अन् तुमच्या मायचं काय होतं, मॅडम?"

अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या मॅडमना आईचं ते नाव माहीतच नव्हतं. रविवारी पहिल्याच बसनं त्या अकोल्याला भावाच्या घरी गेल्या. ऐंशी वर्षांची आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"माय, सासरी तुयं नाव जमुना ठेवलं. त्याच्या आधी काय होतं वं?"

आईचे हात थांबले. मग तिनं डोळ्यांना पदर लावला.

 

"लय उशिरा विचारलं पोरी. त्या नावानं हाक मारनारं कोनी उरलं नाई, आता मलेच आठवून नाई राहिलं."