ऑइलचं माप

"गिअर ऑइल कमी झालंय. गाडी काढली तर गिअरबॉक्सच जाईल," दर्शन म्हणाला. म्हणून माझ्या आईच्या तेराव्याला मी डहाणूहून वेवजीला एकटीच एसटीनं गेले. जावई का आले नाहीत, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच ऑइलचं पुराण सांगितलं. येताना अच्छाडला उतरून ऑइलचा डबाही घेतला.

घरी दर्शन टीव्ही बघत होता. "सकाळपासून किल्लीला हातसुद्धा लावला नाही," म्हणाला.

ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल कसं बघायचं, हे मला त्यानंच शिकवलं होतं. आधी इंजिन चालू करून गरम होऊ द्यायचं, थंड गाडीत माप खोटं दिसतं. डबा घेऊन मी खाली गेले आणि बॉनेट उघडलं.


इंजिन गरम करायची गरजच पडली नाही.