न पाहिलेल्या राजाचं नाणं

"न पाहिलेला चेहरा मी कोरत नाही," टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा लिकॉन म्हणाला. "राजाला इथं आणून बसवा."

सेनापती आर्खियासने ऐकून घेतलं. पुष्कलावतीचा राजा निपुत्रिक वारला होता, शकांच्या टोळ्या आठ दिवसांच्या वाटेवर येऊन ठेपल्या होत्या आणि नगरातली फौज गाठोडी बांधायला लागली होती. नवा राजा क्लेओफॉन डोंगरापलीकडून निघाला आहे, तो पोचायच्या आत त्याचं नाणं सैनिकांच्या मुठीत हवं, असं सेनापतीचं म्हणणं होतं. नाण्याशिवाय इथे कुणी कुणाला राजा मानत नसे, हे लिकॉनलाही मान्य होतं.

"आणि चेहरा जुळला नाही तर?"

"तर काय होतं, ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. राजाचं नाक चुकलं म्हणून आधीच्या कारागिराची बोटं याच अंगणात तोडली होती. तरीही लिकॉनला आतून गुदगुल्या झाल्या. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या झिजलेल्या ठशांची डागडुजी करण्यात गेली होती. नवाकोरा राजा पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला येत होता.

सेनापती दिवसभर त्याच्या शेजारी बसून सांगत राहिला आणि लिकॉन मान खाली घालून कोरत राहिला. फक्त एक बाजू, कानापासून नाकापर्यंत. नाक सरळ, शेंड्याशी जरा खाली आलेलं. हनुवटी जड. कानाची पाळी लोंबती. मधेच सेनापती थांबे, नीट आठवून घेतल्यासारखा, आणि मग पापणीचीसुद्धा खोड काढी. काय दांडगी स्मरणशक्ती आहे या माणसाची, असं लिकॉनला वाटलं.

बोलता बोलता सेनापतीने घरचं विचारलं. घर नाहीच, लिकॉनने सांगितलं. बाल्हिकातून लहानपणी आलो, मायबाप वाटेतच गेले. नगरात कुणी ओळखीचं? तेही नाही. ठसे चोरीला जाऊ नयेत म्हणून ठसेवाल्याला टांकसाळीचा उंबरठा ओलांडू देत नाहीत, हे सेनापतीला माहीत नसावं याची त्याला मौज वाटली.

शेवटी राजे डोक्याला बांधतात ती पांढरी पट्टी केसांवर आडवी कोरून ठसा पुरा झाला. निघताना सेनापती म्हणाला, "हात जपा." त्या ‘जपा’कडे लिकॉनचं लक्षच गेलं नाही. तो ठशावर फुंकर मारत होता.

घण मारायला म्हातारा विशाख होता. साऱ्या टांकसाळीत लिकॉनशी गप्पा मारणारा तेवढा एकच.

"एखाद्या म्हशीचं थोबाड काढलं असशील," विशाख म्हणाला. "उद्यापासून तुला घास मलाच भरवावा लागणार."

घण पडला. विशाखने गरम नाणं चिमट्यात धरून पाहिलं, मग लिकॉनकडे पाहिलं, मग पुन्हा नाण्याकडे.

"काय झालं? बिघडलं का?"

"नाही रे," विशाख म्हणाला. "बोटं वाचली तुझी." आणि त्याने पुढची चकती ठशावर ठेवली.

नाणी वाटली गेली आणि फौजेने गाठोडी सोडली. तिसऱ्या दिवशी सेनापतीचा निरोप आला: राजा येतोय, वेशीवर ये, चेहरा स्वतः ताडून पाहा. सोबत एक नवी शाल.

अठरा वर्षांनी लिकॉनने रस्त्यावर पाऊल टाकलं. माणसं ढकलत तो पहिल्या रांगेत घुसला. आता सगळं त्या नाकावर अवलंबून होतं.

"आला, आला," मागून गलका झाला.

वेशीतून पांढरा घोडा आला. लगाम सेनापतीच्या हातात होता. घोड्यावर कुणीच नव्हतं.

लिकॉनने बोटं शालीत लपवली. आता कशाशी ताडायचं? त्याच्या बाजूचा सैनिक तळहातावरचं नाणं न्याहाळत होता. त्याने सहज मान वळवून लिकॉनच्या गालाकडे, लिकॉनला स्वतःला कधीच न दिसलेल्या त्या बाजूकडे पाहिलं, पुन्हा नाण्याकडे पाहिलं, आणि भाला टाकून गुडघ्यांवर बसला. मग त्याच्या पलीकडचा बसला. मग सगळी रांग.

सेनापती पांढरी पट्टी दोन्ही हातांत धरून समोर आला.

"महाराज," तो म्हणाला, "फौज खोळंबली आहे."