पश्चिमेला साठ फूट

पेटीतला दगड राजेश्वरीने पुन्हा ओल्या फडक्याने पुसला. पांढरीशुभ्र गारगोटी, आणि तिच्यात मोहरीएवढे पिवळे कण. भिंगाची गरजच नव्हती.

रबाळ्याच्या या प्रयोगशाळेत ठिकठिकाणच्या खाणींचे दगड तपासायला येत. ही पेटी मात्र तिच्या ओळखीच्या जागेची होती. राज्याच्या सीमेपलीकडची ती छोटी सोन्याची खाण बंद पडली, ती राजेश्वरीच्याच रिपोर्टावरून. 'खडकातली सोन्याची शीर संपली,' असं तिने वीस वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. आता नव्या कंपनीने तिथेच भोक पाडलं होतं. जुन्या बोगद्यापासून पश्चिमेला, अवघ्या साठ फुटांवर.

तिने आपला जुना नकाशा उघडला आणि चूक एका नजरेत दिसली. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथली जमीन दाबली गेली, तडकली. त्या भेगांतून तापलेलं पाणी वर चढलं आणि गारगोटीसोबत सोनं ठेवून गेलं. पुढे जमीन पुन्हा हलली. शीर मधेच तुटली, तिचा पुढचा तुकडा बाजूला सरकला. कुठल्या बाजूला, ते खडकावरचे ओरखडे सांगतात. ते ओरखडे राजेश्वरीने उलटे वाचले होते. ती पूर्वेला शोधत राहिली.

त्यापायी सहाशे घरांची वस्ती उठली. त्यातलाच एक, हौसेराव, आज प्रयोगशाळेच्या गेटवर वॉचमन होता. दिघ्यात खोली घेऊन राहायचा. रिपोर्ट कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणायचा, "धरणीच्या पोटातलंच सरलं, मॅडम. त्याला तुमी काय करनार?" त्या एका वाक्याचा तिला केवढा आधार वाटायचा!

तिने त्याला आत बोलावलं. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"माझं चुकलं, हौसेराव. सोनं होतं. पश्चिमेला होतं."

शिव्या ऐकायची तिने मनाची तयारी केली होती. हौसेराव पेटीजवळ गेला, गारगोटीतल्या पिवळ्या कणांवरून बोट फिरवलं.

"ज्ञानू हेच म्हनायचा," तो म्हणाला. "माजा थोरला भाऊ. खान बंद झाली तरी पहार घेऊन आत जायचा. शीर मेली न्हाई, मावळतीला सरकलीय, म्हनायचा. घरात पोरं उपाशी, आन ह्यो भिंती फोडतोय. डोकं फिरलंय म्हनलं आमी. त्यो येडा हाय हे डॉक्टरला पटंना, तवा तुमचा रिपोर्ट दाखवला."

"आता कुठे आहेत ते?"

"येड्यांच्या दवाखान्यात. एकोनीस वर्षं."

राजेश्वरीने फोन उचलला. "नंबर द्या तिथला. मी सांगते डॉक्टरांना. आत्ताच सांगते."

हौसेरावाने हात जोडले.

"नका, मॅडम. त्यो येडाच हाय, असंच ऱ्हाऊ द्या. त्याला आत घालायच्या कागदावर सही माजी हाय."