पाठीमागचा धबधबा

पिसाळ सरांनी वाचनालयाच्या खिडकीतून कार्ड आत सरकवलं. "व्हिक्टोरिया धबधबा," ते म्हणाले. "अर्ध्या तासासाठी."

ग्रंथपाल उज्ज्वला त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. पुस्तकांसारखी ठिकाणंही मिळायला लागून वर्ष झालं होतं, आणि लोक बहुतेक काश्मीर नाहीतर स्वित्झर्लंड मागायचे. सरांनी छत्तीस वर्षं जगाचा भूगोल शिकवला होता, पण स्वतः कधी सांगलीच्या पुढे गेले नव्हते.

तिनं बटण दाबलं. भिंती विरल्या, पायाखालची जमीन थरथरली आणि समोर अख्खी झांबेझी नदी दरीत कोसळू लागली. सरांच्या चष्म्यावर तुषार बसले.

सरांनी धबधब्याकडे जेमतेम पाहिलं आणि लगेच त्याच्याकडे पाठ केली. हातातली काठी मागे रोखून, त्या गडगडाटातही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "उंची एकशे आठ मीटर. तिथले लोक याला गरजणारा धूर म्हणतात. लिहून घ्या."

उज्ज्वलाला आठवी ब चा वर्ग आठवला. सर नकाशाकडे पाठ करूनच शिकवायचे, कारण ते फळ्याकडे वळले की मागच्या बाकांवर दंगा सुरू व्हायचा. त्यात तिचाच आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

ती ओल्या खडकावर मांडी घालून बसली.

"सर, आज कुणी दंगा करणार नाही. तुम्ही खुशाल वळा."

एवढं बोलून तिनं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

सर वळले. मग बराच वेळ त्यांनी एकही आकडा सांगितला नाही.