उरेल ते मुन्नाचं

गोपीचंदने पडलेल्या शत्रूवर आणखी तीन गोळ्या झाडल्या. पहिल्या गोळीतच तो संपला होता, पण खेळातला मेलेला मारायलाही गोपीचंदला मजा येई.

"भाऊ, त्याच्या पेटीत काय हाय?" फोनमधून टोळीतल्या नवीनचा आवाज आला.

"स्नायपर हाय, थे माही. एके रायफल तू उचल. शॉटगन खेमाले."

"अन् मुन्नाले?"

"उरंल थे."

मुन्नाला नेहमीच उरेल ते मिळे. कधी साधं पिस्तूल, कधी विळा, आज लोखंडी तवा. त्याची तक्रार नसे. तिघांनी मनासारखी हत्यारं घेतल्याशिवाय तो पेटीजवळ फिरकतच नसे. वर स्वतःच्या वाट्याची मलमपट्टी गोपीचंदच्या पायाशी टाकून जाई, आणि गोपीचंदवर गोळी सुटली की आडवा येई. असा गडी गोपीचंदला उभ्या केनवड गावात मिळाला नसता.

त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. फोनचा माइक बिघडलाय, असं त्यानं एकदा लिहून कळवलं होतं. तो वीटभट्टीवर कामाला असावा, असा नवीनचा अंदाज. बाकी त्याचं बोलणं म्हणजे "हो" आणि "येतो".

अडचण एवढीच होती की रविवारी शेलूबाजारला सामना होता, मंडपात चौघांनी समोरासमोर बसून खेळायचा. गोपीचंदने गावभर सांगून ठेवलं होतं. मुन्ना मात्र यायला तयार नव्हता, आणि चौथ्याशिवाय टोळीचं नाव कापलं जाणार होतं.

"जेवाले वाढू का?" सुकेशनीनं दारातून विचारलं.

गोपीचंदने अर्धा क्षण बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात बॉम्ब फुटला आणि पडद्यावरचा त्याचा गडी चिंधड्या होऊन पडला.

फोन बाजेवर आदळून तो उठला. सुकेशनीची वेणी धरून त्यानं तिला आत ओढलं आणि तिचं डोकं चौकटीवर हाणलं. मग मुठीनं तोंडावर मारलं. ओठ फाटला. ती खाली बसली, तशी कमरेत लाथ घातली.

"तुह्यापायी मेलो मी. दिसत नाई का, खेळून राह्यलो थे?"

ती ओरडली नाही. ओरडल्यावर जास्त मार बसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आतल्या खोलीत गोपीचंदची आई, प्रयागबाई, भिंतीकडे तोंड करून बसली होती. कानात फोनवरच्या प्रवचनाची वायर. पोरगा सुनेला गुरासारखं बडवायचा तेव्हा ती मान वळवून पाहत नसे. आयुष्यभर नवऱ्याचा मार खाल्लेली बाई, तिनं तरी मध्ये पडायचं होतं. पण सासू ती सासूच, असं आळीतल्या बाया म्हणत, आणि त्यांना खोटं म्हणायला जागा नव्हती.

"भाऊ," बाजेवरच्या फोनमधून नवीन चाचरत म्हणाला, "माइक चालू हाय तुमचा."

"असू दे. तुह्या घरची हाय का थे?"

गोपीचंदने फोन उचलला. पडद्यावर मुन्नाचा निरोप होता. एवढा लांब निरोप त्यानं आजवर लिहिला नव्हता.

"शेलूबाजारले येतो. पण आंधी आपण दोघंच खेळू. मी हारलो त येतो. जितलो त बाईवर हात टाकाचा नाई."

गोपीचंद खदाखदा हसला. तवा घेऊन फिरणारा हा मुन्ना त्याच्याशी पैज लावत होता.

"मंजूर. जबान देतो. अन् हत्यार?"

"तुमी आंधी घ्या."

गोपीचंदने स्नायपर घेतली, एके घेतली, छातीवर चिलखत चढवलं. मग सुकेशनीकडे वळला. "इथी उभी राह्य माह्यासमोर. तुह्या कैवाऱ्याले कसा फाडतो, थे पाह्य."

ती पदर ओठाला लावून उभी राहिली. मुन्ना हरला तर आजचा मार इथेच संपणार नाही, हे तिला कळत होतं.

मैदान लहान होतं, मध्ये एक गोदाम. गोपीचंद छपरावर चढून दबा धरून बसला. मुन्ना उघड्यावरून पळत आला, हातात फक्त तवा. पहिली गोळी तव्यावर खणकन वाजली. दुसरी खांद्यात घुसली, रक्त उडालं, तरी तो थांबला नाही. गोपीचंदने स्नायपर टाकून एके काढली, पण तोवर मुन्ना जिना चढून अंगावर आला होता.

पहिला तवा तोंडावर बसला. गोपीचंदच्या अर्ध्या गोळ्या आभाळात गेल्या. दुसरा डोक्यावर. पडदा लाल झाला. तो मागे सरकत होता आणि मुन्ना आंधळ्या रागानं हाणत सुटला होता. आजवर गोपीचंदसाठी छातीवर गोळ्या झेलणाऱ्या त्या गड्यात एवढा राग कुठे होता, कोण जाणे. शेवटच्या फटक्याला गोपीचंद छपरावरून खाली कोसळला.

फोन त्यानं बाजेवर फेकला. मग त्यानं मान वर केली. सुकेशनी समोरच होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण त्याला ते दिसलं.

"हसून राह्यली का, रांडे?"

दिलेली जबान गेली खड्ड्यात. तो उठला, तिचा गळा धरून तिला भिंतीला दाबलं आणि मूठ उगारली.

"हात खाली घे, गोपी. जबान देली हाय तुनं."

त्यानं वळून पाहिलं. प्रयागबाई आतल्या दारात उभी होती. कानातली वायर तिनं उपटून टाकली होती, आणि तिच्या हातातल्या फोनमधून खेळातली जिंकणाऱ्याची धून मोठ्यानं वाजत होती.